दाईचे देणे

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर आहुपे हे गाव आहे. घोड नदी याच परिसरात उगम पावते आणि पूर्वेला डिंभे धरणाकडे वाहत जाते. पश्चिमेला कडा एकदम तुटतो आणि आहुपे घाटाची पायवाट खाली मुरबाडच्या बाजूला उतरते. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. पावसाळ्यात भाताची आवणी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरडा गोळा करणे, या दोन कामांवर या पट्ट्यातल्या घरांचे वर्षाचे गणित बसते. ही दोन्ही कामे बाईच्या हातांशिवाय होत नाहीत. मग तान्हे मूल कोण सांभाळते? डोंगरातल्या अशा गावांत या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे. बांधाच्या झाडाला झोळी बांधायची आणि झोका द्यायला आजीला, नाहीतर थोरल्या मुलीला बसवायचे.

मूल सांभाळायला पगारी बाई ठेवावी की नाही हा प्रश्न इथे पडत नाही. तो पडतो पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये, मुंबईत. नवरा-बायको दोघेही नोकरीला, घरात एकुलते एक मूल, आजी-आजोबा गावी किंवा अल्लाला प्यारे झालेले. अशा घरात बाईचा शोध सुरू होतो. जी बाई मिळते ती बहुधा डोंगरातून किंवा कोरडवाहू मुलखातून पोटासाठी शहरात आलेली असते. तिलाही मूल असते. ती आपल्या मुलाला दूध पाजते, भरवते, झोपवते, त्या वेळी तिचे मूल कोणाजवळ असते, हे आपण सहसा विचारत नाही. ती पंधरा दिवसांत काम सोडून गेली की मात्र 'या बायका टिकतच नाहीत' असे आपण सहज बोलून जातो.

बाई मिळणे, तिला ठेवणे, ती टिकणे हा प्रश्न आजचा नाही. तो चौदाशे वर्षांपूर्वी मक्केत होता, आग्र्यात आणि काबुलात होता, आपल्या पुरंदर-राजगडावरही होता. त्या त्या काळच्या लोकांनी त्याचे उत्तर दोन शब्दांत शोधले. एक माया, दुसरा मजुरी. या दोहोंचा मेळ कोणी कसा घातला, हे तपासून पाहिले तर आपल्या स्वयंपाकघरातल्या 'मावशी'कडे पाहण्याची नजर थोडी बदलेल, असे वाटते.

आमिनाचे एकुलते एक

मौलूदच्या मैफलीत हलीमा दाईची हकिगत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ऐकून ऐकून ती इतकी ओळखीची झाली आहे, की तिच्यातला व्यवहार आपल्या ध्यानातच येत नाही. इब्न इस्हाक यांच्या सीरतमध्ये हा व्यवहार अगदी उघडपणे आला आहे.

मक्केतल्या कुरैश घराण्यांत तान्ही मुले वाळवंटातल्या टोळ्यांकडे वाढवायला देण्याची चाल होती. शहरातल्या रोगराईपासून मूल दूर राहावे, त्याला मोकळी हवा मिळावी आणि त्याची जीभ शुद्ध अरबी वळणाची व्हावी, असा हेतू होता. बनू साद टोळीच्या बायका दूधपित्या मुलांच्या शोधात मक्केला येत. मुलाच्या बापाकडून मिळणारे देणे हे त्यांच्या घराचे उत्पन्न होते. ज्या वर्षी हलीमा आली ते दुष्काळाचे वर्ष होते. तिची गाढवी मरतुकडी होती, उंटीण आटली होती आणि तिचे स्वतःचे तान्हे मूल भुकेने रात्रभर रडत होते.

आमिना यांचे मूल कोणी घेईना. कारण साधे होते. मुलाचा बाप अब्दुल्ला त्याच्या जन्माआधीच वारला होता. विधवा आई आणि म्हातारा आजा आपल्याला काय देणार, असा हिशेब त्या बायकांनी केला. हलीमानेही आधी तोच हिशेब केला. बरोबरच्या सगळ्या बायकांना मुले मिळाली आणि ती एकटी रिकाम्या हाताने राहिली, तेव्हा नवऱ्याशी बोलून तिने ते यतीम मूल पदरात घेतले. पैगंबर मुहंमद (स.) यांच्या चरित्राचा आरंभ असा एका गरीब बाईच्या पोटाच्या चिंतेतून होतो. सीरतकारांनी हे लपवले नाही. मजुरीचा विचार करणारी बाई त्यांना कमी प्रतीची वाटली नाही.

पुढची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. मूल घेतल्यावर हलीमाला पान्हा फुटला, दोन्ही मुले पोटभर प्यायली, उंटिणीची कास भरली. मौलूद सांगणारे यात आणखी एक तपशील घालतात. हे बाळ एकाच बाजूचे दूध पीत असे, दुसरी बाजू आपल्या दूधभावासाठी सोडत असे. भाविक माणूस याला बरकत म्हणेल. इतिहास वाचणाऱ्याने त्यातला समाजाचा विचार पाहावा. दाईच्या पोटच्या मुलाचा घास आपल्याकडून हिरावला जाऊ नये, ही जाणीव त्या कथेत पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे.

दोन वर्षांनी दूध तुटले तेव्हा हलीमा मुलाला घेऊन मक्केला आली आणि तिनेच आमिनाजवळ हट्ट धरला, की मक्केत साथ आहे, मूल अजून थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या. मजुरीसाठी आलेली बाई आता मायेने परत मागत होती. माया अशी मागाहून आली. करार आधी झाला होता.

मूल पाच-सहा वर्षांचे असताना आमिना यांचा अबवा येथे प्रवासातच इंतकाल झाला. त्या वेळी बरोबर बरका नावाची हबशी दासी होती. पुढे ती उम्मे ऐमन म्हणून ओळखली गेली. वाळवंटातून त्या पोरक्या मुलाला मक्केपर्यंत घेऊन आली ती हीच. हलीमाने दूध दिले, बरकाने सांभाळले. आजच्या अर्थाने मूल सांभाळणारी बाई म्हणायची तर ती बरका. खदीजा (रजि.) यांच्याशी विवाह झाला तेव्हा पैगंबरांनी (स.) तिला गुलामीतून मुक्त केले. पुढे तिचा निकाह झैद यांच्याशी झाला. आपल्या आईनंतरची आई, असा तिचा मान ते सांगत. ते तिच्या घरी भेटीला जात. त्यांच्या वफातीनंतर अबूबक्र आणि उमर (रजि.) हे दोघेही, ते जात होते म्हणून आपणही जावे, असे म्हणून तिला भेटायला गेले, अशी हदीस आहे.

बाई 'टिकवणे' म्हणजे काय, याचा हा पहिला धडा. मूल मोठे झाले, बाईची गरज संपली, तरी येणे-जाणे संपले नाही. पहिले काही दिवस दूध पाजणारी सुवैबा ही अबू लहबची दासी. तिच्यासाठीही मदीनेहून कपडे पाठवले जात. हलीमा पुढे एका दुष्काळात मक्केला आली तेव्हा खदीजा (रजि.) यांनी तिला चाळीस शेळ्या-मेंढ्या आणि एक उंट दिल्याची रिवायत आहे. इ. स. ६३० मध्ये हुनैनच्या लढाईनंतर हवाझिन टोळीचे सुमारे सहा हजार बायका-मुले कैदेत पडली. बनू साद ही त्याच टोळीची शाखा. कैद्यांत हलीमाची मुलगी शैमा होती. तिने ओळख सांगितली तेव्हा पैगंबरांनी (स.) आपली चादर अंथरून तिला बसवले. टोळीच्या शिष्टमंडळाने, या कैद्यांत तुमच्या मावश्या-आत्या आहेत, अशी विनवणी केली आणि कैदी सोडले गेले. एका बाईच्या दुधाचे देणे साठ वर्षांनी तिच्या साऱ्या टोळीला मिळाले.

हिदायातली दाई

इस्लामने दाईचा प्रश्न केवळ भावनेवर सोडला नाही. सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पुरी मुदत दोन वर्षे सांगितली आहे. आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे. मुलामुळे ना आईला त्रास व्हावा ना बापाला, असे बजावले आहे. दुसरीकडून दूध पाजवून घ्यायचे असेल तर हरकत नाही, पण ठरलेले देणे रीतीप्रमाणे द्यावे, अशी अट घातली आहे. सूरह तलाकच्या सहाव्या आयतीत तर तलाक झालेल्या स्त्रीने मुलाला दूध पाजले तर तिलाही मोबदला द्या, असा हुकूम आहे. मूल पोटचे असले तरी पाजणे हे काम आहे आणि कामाला दाम आहे, हे सातव्या शतकातले म्हणणे आजही आपल्या पचनी पडलेले नाही.

दुसरीकडे सूरह निसाच्या २३ व्या आयतीने दूधआई आणि दूधबहीण यांना रक्ताच्या नात्याच्या बरोबरीने निकाहासाठी हराम ठरवले. म्हणजे दाई ही एकाच वेळी मजूरही झाली आणि आईही. हनफी मताप्रमाणे थोडे दूध प्यायले तरी हे नाते जुळते. शाफई मताप्रमाणे पाच वेळा पाजणे लागते. आपल्याकडे देशावरचा बहुतेक मुसलमान हनफी आणि कोकणातला शाफई, त्यामुळे घाटाच्या वर आणि घाटाखाली या नात्याचे माप वेगवेगळे आहे. नाते मात्र दोन्हीकडे पक्के.

बुरहानुद्दीन मरगीनानी (मृत्यू ११९७) यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात दाई ठेवण्यावर स्वतंत्र विवेचन आहे. चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि कंपनीच्या न्यायालयांत ते वापरले गेले. दाईचा करार मोडीत निघू नये म्हणून फकिहांनी बारीक विचार केला आहे. दाईने कोणते काम करायचे ते सांगितले आहे. मुलाच्या खाण्याचा खर्च बापाचा, हे सांगितले आहे. दाईला तिच्या नवऱ्यापासून तोडण्याचा अधिकार मालकाला नाही, हेही सांगितले आहे. म्हणजे कामावर आली म्हणून तिचा संसार संपत नाही. तिने आपले दूध न पाजता शेळीचे पाजले तर तिला मोबदला नाही, अशी दुसऱ्या बाजूची अटही आहे.

याच ठिकाणी एक मोठा मतभेद नोंदलेला आहे. इस्लामी कायद्यात मजुरीचा आकडा आधी ठरला पाहिजे. आकडा अनिश्चित असेल तर करार चालत नाही. मग 'तुला अन्न आणि कपडे देऊ' एवढ्यावर दाई ठेवता येईल काय? अन्न किती, कपडे कसले, हे तर ठरलेले नाही. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) म्हणाले, चालेल. त्यांचे कारण असे, की आपल्या मुलावरच्या मायेपोटी लोक दाईला हात राखून देत नाहीत, सढळ देतात, तेव्हा यातून भांडण होत नाही. त्यांचे दोन थोर शिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद शैबानी यांनी गुरूचे हे म्हणणे मान्य केले नाही. मजुरी अनिश्चित ती अनिश्चितच, ती आधी ठरवा, असे ते म्हणाले.

गुरूचा भरवसा माणसाच्या मायेवर होता, शिष्यांचा ठरलेल्या आकड्यावर. बाई ठेवणाऱ्या प्रत्येक घरात हा वाद आजही रोज चालतो. 'आमच्या घरातलीच समज, पगाराचं काय घेऊन बसलीस' असे म्हणणारी मालकीण नकळत इमाम साहेबांच्या मताचा आधार घेत असते. मात्र त्यांनी ज्या सढळ हाताचा भरवसा धरला होता तो हात तिचा असतोच असे नाही.

अंगा, कोका आणि जहागिरी

दाईला मनापासून सढळ हाताने देण्याचे हिंदुस्थानातले सर्वांत मोठे उदाहरण मोगल घराण्यात सापडते. १५ ऑक्टोबर १५४२ रोजी उमरकोटला अकबराचा जन्म झाला, तेव्हा हुमायून राज्य गमावून रानोमाळ भटकत होता. हमीदाबानूचे हे पहिले मूल. पुढच्याच वर्षी हुमायूनला इराणकडे पळावे लागले आणि जेमतेम वर्षाचे मूल मागे राहिले. ते हुमायूनचा भाऊ अस्करी याच्या ताब्यात गेले आणि कंदाहारला वाढले. आईबाप त्याला पुन्हा भेटले ते १५४५ च्या अखेरीस काबूलमध्ये. मधली दोन वर्षे या मुलाभोवती आपले म्हणावे असे माणूस होते ते दायांचेच.

त्यांत दोघींची नावे इतिहासात राहिली, जीजी अंगा आणि माहम अंगा. अंगा म्हणजे दाई. तिचा नवरा तो अतगा आणि तिचा मुलगा तो कोका, म्हणजे दूधभाऊ. अकबर बादशहा झाल्यावर ही दूधनाती दरबारातली सत्ताकेंद्रे बनली. माहम अंगाने दिल्लीला पुराना किल्ल्यासमोर १५६१ च्या सुमारास मदरशासह मशीद बांधली. खैरुल मनाजिल नावाने ती आजही उभी आहे. दाईने आपल्या नावावर बांधलेली एवढी मोठी वास्तू देशात विरळा.

पण सढळपणालाही मर्यादा नसली की काय होते तेही याच घराने पाहिले. मे १५६२ मध्ये माहमचा मुलगा अधम खान याने जीजीचा नवरा शम्सुद्दीन अतगा खान याचा आग्र्याच्या वाड्यातच खून केला. संतापलेल्या अकबराने अधम खानाला गच्चीवरून खाली फेकायला लावले. त्या धक्क्याने काही आठवड्यांत माहम वारली. एका मुलाच्या दोन दायांची घरे एकमेकांच्या जिवावर उठली. उलट जीजीचा मुलगा मिर्झा अजीज कोका हा अनेकदा बंडखोरपणे वागला, तरी अकबराने त्याला प्रत्येक वेळी माफ केले. आपल्या दोघांमध्ये दुधाची नदी आहे, ती ओलांडता येत नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

राजघराण्याला हे परवडले, कारण द्यायला मनसब आणि जहागिरी होत्या. पण मूळ विचार मक्केचाच आहे. दाईला देणे म्हणजे तिच्या हातावर नाणी ठेवणे एवढेच नव्हे, तर तिच्या मुलांची सोय लावणे.

कापूरहोळची धाराऊ

हा विचार केवळ मुसलमान घराण्यांचा होता असे नाही. जुन्नरच्या शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवाजी महाराजांच्या घरातही तो दिसतो. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. १६७० मध्ये राजाराम जन्मेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तेरा वर्षे, ते महाराजांचे एकुलते एक पुत्र होते. आई सईबाई आजारी राहू लागल्या, त्यांना दूध पुरेना. तेव्हा पुण्याच्या दक्षिणेला, आजच्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातली धाराऊ दूधआई म्हणून आली. सईबाईंचे निधन ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर झाले. संभाजीराजे त्या वेळी सव्वादोन वर्षांचे होते. त्यानंतर आजी जिजाऊ आणि ही दूधआई यांच्या मायेत ते वाढले.

धाराऊला सालिना सव्वीस होनांची तैनात करून दिली होती, असे मराठी चरित्रांतून सांगितले जाते. तिचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे पुढे संभाजीराजांच्या सेवेत राहिले, असेही सांगतात. यातली रक्कम महत्त्वाची नाही, तिची रीत महत्त्वाची आहे. वर्षाला ठरलेले देणे हे शिष्यांच्या मताप्रमाणे आणि मुलांना जवळ ठेवणे हे गुरूच्या मताप्रमाणे. हिदाया न वाचलेल्या घराने दोन्ही मते एकत्र केली. कापूरहोळची माणसे आजही हे नाव अभिमानाने घेतात. दाईचे नाव, तिच्या गावाचे नाव आणि तिच्या मुलांची नावे तीनशे साठ वर्षे लोकांच्या तोंडी राहावीत, ही साधी गोष्ट नव्हे.

मेवाडची पन्ना दाई आपल्या शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना भेटलेली आहे. चितोडला बनवीर तलवार घेऊन आला तेव्हा तिने राजपुत्र उदयसिंहाच्या जागी आपल्या पोटचा मुलगा निजवला, अशी ती कथा. आपण ती स्वामिनिष्ठा म्हणून शिकवतो. धाराऊची गोष्ट मात्र शांत आहे, तिच्यात कोणाचा बळी नाही. मला ती जास्त मोलाची वाटते. चांगली दाई म्हणजे आपले मूल मालकाच्या मुलासाठी देणारी, हा आदर्श ठेवला तर कोणत्याही बाईचा सुखाने संसार होणार नाही. जिथे दोन्ही मुले जगतात तो व्यवहार चांगला.

आया

मराठीत 'आया' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, 'दाई' फारसीतून. शब्द बदलला तसा व्यवहारही बदलला. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या राज्यात साहेबांच्या बंगल्यांत आया आली, तेव्हा दूधनाते मागे पडले आणि पगार पुढे आला. ठरलेला पगार ही एका अर्थाने प्रगती होती. पण त्याबरोबर नात्याची जबाबदारी गेली.

३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने आपल्या आठवणींत लिहिले आहे, की त्याची आया पोर्तुगीज वळणाची कॅथलिक होती, मिता नावाचा हिंदू नोकर होता आणि ही दोघे मुलांशी हिंदुस्तानीत बोलत. जेवणघरात आईबापांसमोर जाताना इंग्रजीत बोला, अशी मुलांना आठवण करून द्यावी लागे. मूल सांभाळणारी बाई मुलाला भाषा देते ती अशी. आपल्या दख्खनलाही हे नवे नाही. विजापूरच्या सूफींनी लिहिलेले चक्कीनामे आणि लोरीनामे बायका दळताना, पाळणा हलवताना गात. हा धर्माचा सोपा अर्थ त्यांच्या तोंडून घराघरांत पोचला, असे रिचर्ड ईटन यांनी दाखवून दिले आहे. किपलिंगची आया कॅथलिक गीते गात असेल, आपल्या आज्या-पणज्यांची बाई दखनी लोरी. मुलाच्या कानावर पहिला शब्द पडतो तो पाळणा हलवणाऱ्या बाईचा, मग तिचा पगार कितीही असो.

साहेबांच्या कुटुंबाबरोबर बोटीने विलायतेला गेलेल्या आयांचे पुढे काय झाले, ही मात्र दुःखाची गोष्ट आहे. प्रवासात मुले सांभाळायला त्यांना नेले जाई. लंडनला पोचल्यावर काम संपले, की अनेकींना तिथेच सोडले जाई. परत जायचे भाडे नाही, भाषा नाही, ओळख नाही. अशा बायकांसाठी लंडनमध्ये आयांचे वसतिगृह चालले. १९०० मध्ये ते हॅक्नी भागातल्या किंग एडवर्ड्स रोडवर आले आणि लंडन सिटी मिशनने ते चालवले. तिथे राहणाऱ्या आयेला हिंदुस्थानात परतणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाकडे काम मिळवून दिले जाई, म्हणजे ती पुन्हा कोणाचे तरी मूल सांभाळत सांभाळतच मायदेशी येई. त्या घरावर जून २०२२ मध्ये स्मृतिफलक लागला. त्यांच्यातल्या बहुतेकींची नावे मात्र इतिहासात राहिली नाहीत. माहम अंगाची मशीद उभी आहे, धाराऊचे गाव माहीत आहे, आणि विसाव्या शतकातल्या आयेची ओळख 'अमक्या मेमसाहेबांची आया' एवढीच उरली.

मावशी

आता आपल्या घराकडे येऊ. बाटली आणि डब्यातले दूध आल्यापासून दूधआई संपली. तिच्याबरोबर शरीयतने दिलेले नातेही संपले. आपण बाईला 'मावशी' म्हणतो, मुलालाही तसेच शिकवतो. पण ही मावशी सणाला पाहुणी म्हणून येत नाही, तिचा कप वेगळा असतो आणि काम सुटले की तिचा पत्ता आपल्याकडे नसतो. म्हणजे अबू हनीफांनी ज्या मायेवर भरवसा ठेवला ती रीत समाजात उरलेली नाही. रीत उरली नसेल तर त्यांच्या शिष्यांचे म्हणणेच आज लागू करायला हवे. पगार किती, तास किती, सुटी कोणत्या दिवशी, आजारपणात काय, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे आणि शक्य तर लिहिले पाहिजे. यात प्रेम कमी होण्याचे कारण नाही. हलीमाही आधी ठरवूनच आली होती.

कायद्याने या वाटेवर थोडी पावले टाकली आहेत. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणाचा कायदा आहे, पगाराचा आकडा तो ठरवत नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण स्वतःला बांधून घेणारी मंजुरी लांबणीवर टाकली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या हक्कांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले. हिदायाच्या काळी ज्याचा निवाडा झाला होता तो प्रश्न आपण अजून समितीकडे पाठवत आहोत.

दुसरा प्रश्न अधिक बोचणारा आहे. मूल सांभाळायला पुष्कळ घरे 'एखादी मुलगी' शोधत. बाई महाग पडते, मुलगी स्वस्त पडते, असा हिशेब. दहा-बारा वर्षांची ही मुलगी गावाकडून आणायची, तिला जेवणखाण आणि कपडे द्यायचे, ईदला दोन ड्रेस करायचे. हे पुण्यकर्म आहे अशी मालकाची समजूत. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सर्व कामांना लागू झाली. तरी एका मुलाला सांभाळायला दुसऱ्या मुलाचे बालपण घ्यायचे, हा प्रकार शहरातून पूर्ण गेला असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

या ठिकाणी आहुप्यासारख्या गावातल्या झोळीजवळ बसलेल्या थोरल्या मुलीची आठवण ठेवावी लागते. आदिवासी भागात हा प्रश्न ज्यांनी समजून घेतला त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी त्यांनी शाळा चालवल्या. मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी ओळखले. तेव्हा मुलींना दोष न देता त्यांनी शाळेच्या आवारातच पाळणाघर आणि बालवाडी काढली. भावंड पाळणाघरात, त्याहून मोठे बालवाडीत आणि ताई वर्गात. 'विकासवाडी' म्हणतात ती हीच. पगारी बाई न ठेवू शकणाऱ्या आईसाठी आणि शिकू न शकणाऱ्या बहिणीसाठी याहून साधे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेली अंगणवाडीची योजना याच दिशेची. पण बहुतेक अंगणवाड्या थोड्या तासांच्या असतात आणि आवणीचा दिवस उजाडल्यापासून अंधारापर्यंतचा असतो.

जी बाई आपल्या एकुलत्या एक मुलाला सांभाळते, तिच्या मुलासाठी तिच्या वस्तीत दिवसभराचे पाळणाघर असावे, यासाठी आपण काय करतो? आपल्या मोहल्ल्यांत मदरसे आहेत, जमातखाने आहेत, शाळा आहेत. त्यांच्या खोल्या दिवसाचा बराच वेळ रिकाम्या असतात. जकात आणि सदका दरवर्षी निघतो. त्यातून पाळणाघर का निघू नये? कामाला जाणाऱ्या बाईचे मूल, मग ती कोणत्याही धर्माची असो, तिथे सुरक्षित राहिले तर हलीमाच्या मुलासाठी अर्धे दूध राखून ठेवल्यासारखेच ते होईल.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपण सभांमधून वारंवार सांगतो. ती सांगताना डोळ्यांसमोर बांधकामावरचा मजूर असतो. घरात मुलाला भरवणाऱ्या बाईचा घाम दिसत नाही, म्हणून तिचे नाव त्या हदीसमध्ये आपण घालत नाही. ते घालायला हवे. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला आणि पुरा द्यायला हवा. तिची मुले किती, कोठे शिकतात, हे माहीत असायला हवे. आणि मूल मोठे होऊन तिची गरज संपल्यावरही, उम्मे ऐमनकडे जाणाऱ्यांची आठवण ठेवून, वर्षातून एकदा ईदच्या दिवशी मुलाला घेऊन तिच्या घरी जायला हवे. शीरखुर्म्याचा डबा तिच्याकडे पाठवून देण्यापेक्षा तिच्याकडे बसून तिचा चहा घेतला तर ते देणे थोडेफार फिटेल.